पासवर्डच्या आधी की नंतर? नवा लॅपटॉप नेमका कुठे रेंगाळतो

‘नवा लॅपटॉप आहे, तरी चालू व्हायला वेळ लावतो’ अशी तक्रार कोणी केली की मी आधी एकच विचारतो : वेळ पासवर्ड टाकायच्या आधी जातो की टाकल्यावर? बहुतेकांना लगेच सांगता येत नाही. बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंतचा सगळा काळ त्यांच्या लेखी एकच असतो. खरे तर हे दोन वेगळे उशीर आहेत. दोन्हींची कारणे वेगळी, तपासायच्या जागा वेगळ्या आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला बहुधा लागू पडत नाही. पासवर्डनंतरचा उशीर जवळपास नेहमी घरच्या घरी सुटतो. आधीचा उशीर मात्र कधी कधी मशीनमधल्या दोषाची खूण असतो, आणि दोष असलाच तर लॅपटॉप बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत तो कळायला हवा.

पुढचे सगळे विंडोज ११ धरून लिहिले आहे. विंडोज १०वर थोड्याफार फरकाने हेच लागू होते.

पडद्यावर काय दिसते ते बघा

बटण दाबल्यावर कंपनीचा लोगो येतो. लोगो एकटाच आहे, त्याच्याखाली काही फिरत नाही, तोवर विंडोज सुरूच झालेली नसते. तो वेळ मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेल्या फर्मवेअरचा, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा. त्याचे आजचे नाव यूईएफआय, पण सगळे अजून बायोसच म्हणतात, मीही तेच म्हणतो. बायोस रॅम तपासतो, कीबोर्ड आणि डिस्क ओळखतो आणि विंडोज कुठे आहे ते शोधतो. लोगोखाली ठिपक्यांचे वर्तुळ फिरू लागले की कारभार विंडोजकडे आला. लोगो तोच राहत असल्याने ही अदलाबदल बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

बायोसने किती वेळ घेतला हे विंडोज स्वतः सांगते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. डावीकडून ‘स्टार्टअप ॲप्स’ निवडा. वर उजव्या कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ आणि त्यापुढे सेकंद दिसतात. हा आकडा दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर बायोसला दोष देऊ नका. पंचवीस-तीस सेकंद दिसत असतील तर मात्र तिथेच शोध घ्यायचा. अशा वेळी स्टार्टअप ॲप्स बंद करत बसून काही उपयोग नाही, कारण ती सगळी लॉगिननंतर चालू होतात.

पासवर्डच्या आधीचा उशीर

सगळ्यात आधी यूएसबीला लावलेले सगळे काढा. पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, डॉक, प्रिंटरची केबल. बायोस प्रत्येक डिव्हाइस ओळखू पाहतो आणि बूट क्रमात, म्हणजे विंडोज कुठे कुठे शोधायची त्या यादीत, यूएसबी वर असेल तर विंडोज तिथेच आहे का हेही तपासतो. नेटवर्कवरून बूट होण्याचा पर्याय क्रमात पहिला असेल तर आणखी वेळ जातो, कारण लॅपटॉप नेटवर्कच्या उत्तराची वाट पाहत बसतो. घरगुती वापरात त्याची गरज नसते. बायोस सेटिंगमध्ये जाऊन ‘विंडोज बूट मॅनेजर’ सर्वात वर आणावा.

दुसरे कारण नव्या खरेदीत बऱ्याचदा दिसते. आपल्याकडे लॅपटॉप घेतानाच दुकानदाराकडून रॅम वाढवून घेतात. डीडीआर५ म्हणजे नव्या पिढीची रॅम बदलली की पहिल्या वेळी बायोस तिच्याशी जुळवून घेतो, आणि त्यात पडदा एक-दोन मिनिटेही काळा राहू शकतो. लॅपटॉप बंद पडला असे वाटून लोक बटण दाबून धरतात, मग तेच काम पुन्हा पहिल्यापासून. थांबावे. बायोस अपडेटनंतरही असे होऊ शकते. मात्र रोजच इतका वेळ लागत असेल तर ते ठीक नाही, मग रॅम नीट बसली आहे का हे दुकानदाराला दाखवा.

लोगोखाली ठिपके फिरत असताना उशीर होत असेल तर डिस्क बघा. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्क शून्यवर क्लिक केले की ती एसएसडी (चिपवर साठवणारी) आहे की एचडीडी (फिरणारी हार्ड डिस्क) हे दिसते. फिरणारी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबीच्या आसपास वाचते, साटा एसएसडी (जुन्या जोडणीची) साडेपाचशेपर्यंत आणि एनव्हीएमई एसएसडी (नव्या, वेगवान जोडणीची) हजारोंच्या घरात. शिवाय बूट होताना हजारो छोट्या फाइली इकडून-तिकडून वाचाव्या लागतात आणि तिथे हार्ड डिस्कची खरी दमछाक होते. ‘१ टीबी’ हा मोठा आकडा पाहून हार्ड डिस्कवाला स्वस्त लॅपटॉप घेतला असेल तर सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी फरक थोडाच पडेल. एसएसडी बसवून घेणे हाच इलाज.

आता फास्ट स्टार्टअपबद्दल थोडे सविस्तर, कारण पासवर्डआधीच्या वेळेबाबत सर्वाधिक घोळ इथेच होतो. २०१२ साली आलेल्या विंडोज ८पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद असे राहिलेले नाही. शट डाउन केले की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी सॉफ्टवेअर) ज्या स्थितीत असतील ती स्थिती सी ड्राइव्हवरच्या हायबरफिल.सिस नावाच्या लपवलेल्या फाइलमध्ये उतरवून ठेवली जाते. पुढच्या वेळी ती सरळ रॅममध्ये चढवली जाते. ‘रिस्टार्ट’ केले तर मात्र सगळे पहिल्यापासून. म्हणून शट डाउननंतर चालू करणे जलद आणि रिस्टार्ट थोडे संथ, हे अपेक्षितच आहे. उलटे होत असेल, म्हणजे रिस्टार्ट झटपट आणि सकाळी चालू करताना रखडणे, तर फास्ट स्टार्टअपचे एखाद्या ड्रायव्हरशी जमत नाही असे समजा. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्स, चिपसेट आणि स्टोरेजचे ड्रायव्हर अद्ययावत करा. तरीही तसेच असेल तर कंट्रोल पॅनलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये ‘चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एनव्हीएमई एसएसडी असेल तर त्यामुळे चार-दोन सेकंदांपलीकडे फरक पडू नये.

याची खात्री डोळ्यांनी करता येते. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, सीपीयू आणि तिथला ‘अप टाइम’. रोज रात्री शट डाउन करूनही तिथे कित्येक दिवसांचा आकडा दिसला तर दचकू नका : गाभा तेवढे दिवस खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नाही. अपडेट किंवा नवे ड्रायव्हर टाकल्यावर म्हणूनच शट डाउन न करता रिस्टार्ट करायचे. पूर्ण बंदच करायचा असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउनवर क्लिक करा. जाता जाता : बायोसच्या मेनूत ‘फास्ट बूट’ नावाचा पर्याय असतो, तो वेगळा. तो बायोसच्या काही तपासण्या वगळतो, विंडोजच्या फास्ट स्टार्टअपशी त्याचा संबंध नाही.

बायोसमध्ये हात घालण्यापूर्वी एक काम कराच. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे तिच्यावरचा डेटा किल्लीशिवाय वाचता येत नाही. बायोस अपडेट किंवा सेटिंगमधल्या बदलानंतर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधीच शोधून कागदावर उतरवून ठेवा. ती सापडली नाही तर डिस्कवरचा डेटा परत मिळत नाही.

पासवर्डनंतरचा उशीर

डेस्कटॉप दिसतो, घड्याळ दिसते, पण क्लिक केले की काही हलत नाही. शटर वर गेले तरी दुकानात अजून माल मांडणे चालू असावे, तसे. या प्रकारात नव्या लॅपटॉपची तऱ्हा जुन्यापेक्षा निराळी असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत विंडोज अपडेट उतरत असतात, स्टोअरमधली ॲप्स स्वतःला अद्ययावत करत असतात, सर्चची अनुक्रमणिका तयार होत असते, डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) फाइली तपासत असतो, एन्क्रिप्शन बाकी असेल तर तेही मागे चालू असते. वनड्राइव्हने (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीने) डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्याकडे घेतले असतील तर त्यांची चढ-उतार वेगळी. लॉगिन झाल्या झाल्या टास्क मॅनेजर उघडून ‘डिस्क’ आणि मग ‘सीपीयू’ या रकान्यांच्या शीर्षकावर क्लिक करा, जास्त खाणारे वर येतात. ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’, ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’, ‘सर्च इंडेक्सर’ अशी नावे वर असतील तर चार्जर लावून, वायफाय चालू ठेवून लॅपटॉपला काही तास काम करू द्या. रात्री झाकण मिटून ठेवले तर लॅपटॉप झोपी जातो आणि ही कामे लांबत जातात. सगळे अपडेट होऊन रिस्टार्ट झाल्याशिवाय नव्या लॅपटॉपच्या वेगाबद्दल मत बनवू नये, असे मला ठामपणे वाटते.

त्यानंतरही रखडत असेल तर स्टार्टअप ॲप्सची यादी. तिथे ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ हा रकाना आहे. ‘हाय’ म्हणजे त्या ॲपने चालू होताना सीपीयूचा १ सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन केले. म्हणजे ‘हाय’ हा शेरा फार लवकर मिळतो. तो दिसला म्हणून घाबरू नका, हे ॲप लॉगिनच्या क्षणी मला लागते का, एवढेच ठरवा. टीम्स, गेमची लाँचर, गाण्यांची ॲप्स, निरनिराळे अपडेटर : ही सगळी हवी तेव्हा उघडता येतात. राइट क्लिक करून ‘डिसेबल’ केले की ॲप काढून टाकले जात नाही, फक्त आपोआप सुरू होणे थांबते. विंडोज सिक्युरिटी, टचपॅड आणि ऑडिओच्या नोंदी मात्र तशाच राहू द्या.

कंपनीने भरून दिलेला चाचणी मुदतीचा अँटीव्हायरस हा नव्या लॅपटॉपवरचा नेहमीचा भार. तो असेपर्यंत डिफेंडर बाजूला होतो. पैसे भरून तो पुढे चालवायचा नसेल तर मुदत संपायची वाट कशाला पाहायची? अनइन्स्टॉल करा, रिस्टार्ट करा, डिफेंडर पुन्हा ताबा घेतो. मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक : फक्त युनिकोड मराठीसाठी एखादे टायपिंग सॉफ्टवेअर स्टार्टअपमध्ये बसले असेल तर त्याची गरज उरलेली नाही. २०१९पासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. जुन्या फाँटमधल्या फाइली ज्यांना लागतात त्यांची गोष्ट वेगळी.

माझ्या भाचीच्या लॅपटॉपवर ही यादी जवळपास रिकामी होती, तरी लॉगिननंतर तो रखडायचा. “मामा, मी सगळं डिसेबल केलंय, तरी ब्राउझर आपोआप उघडतोच!” ती म्हणाली. “अकाउंट्समध्ये साइन-इन ऑप्शन्स उघड,” मी म्हटले. तिथे ‘रीस्टार्टेबल ॲप्स’ जपून ठेवून पुन्हा उघडण्याचा पर्याय चालू होता. आदल्या दिवशीचे ढीगभर टॅब रोज सकाळी उघडत होते. तो बंद केला आणि ब्राउझर उघडायचा थांबला. स्टार्टअपच्या यादीत ही सोय दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

विंडोजची स्वतःची नोंद

अंदाजावर समाधान नसेल तर ॲडमिन म्हणून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्स’, मग ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स’ आणि ‘ऑपरेशनल’ या वाटेने जा. तिथे १०० क्रमांकाच्या नोंदी शोधा. ‘डिटेल्स’मध्ये ‘मेनपाथ बूट टाइम’ आणि ‘बूट पोस्टबूट टाइम’ असे दोन आकडे मिलिसेकंदांत दिलेले असतात. पहिला डेस्कटॉप दिसेपर्यंतचा, दुसरा त्यानंतर धावपळ शांत होईपर्यंतचा. म्हणजे विंडोजही उशिराचे दोन भाग करते, फक्त तिची सीमारेषा पासवर्डऐवजी डेस्कटॉप दिसण्यावर आहे, आणि बायोसचा वेळ यात धरलेला नसतो. जवळपास १०१, १०२ किंवा १०३ क्रमांकाच्या नोंदी असतील तर त्यांत अनुक्रमे उशीर करणारे ॲप, ड्रायव्हर किंवा सर्व्हिस यांचे नाव सापडते. नोंद प्रत्येक वेळी होतेच असे नाही, म्हणून काही दिवसांच्या नोंदी एकत्र बघा.

एक उपाय सर्रास सुचवला जातो : एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग साधनाच्या बूट टॅबमध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या कमाल करायची. कृपया करू नका. विंडोज मुळातच प्रोसेसरचे सगळे कोअर (काम करणारे भाग) वापरते, ती चौकट चाचणीसाठी कोअर कमी करायला दिलेली आहे. ‘पीसी बूस्टर’ म्हणवणारी सॉफ्टवेअरही नकोत, त्यांतली बरीचशी स्वतःच स्टार्टअपमध्ये जाऊन बसतात.

यूएसबी रिकामे, बायोस अद्ययावत, बूट क्रम बरोबर आणि तरीही बायोस टाइम मोठाच येत असेल, किंवा एसएसडी असूनही ठिपके मिनिटभर फिरत असतील, तर वेळ घालवू नका. टास्क मॅनेजरमधल्या त्या आकड्याचा फोटो काढा, बटण दाबल्यापासून पासवर्डच्या पडद्यापर्यंतचा व्हिडिओ घ्या आणि बिलासह दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरला जा. ‘स्लो आहे’ म्हणालात तर विंडोज पुन्हा टाकून लॅपटॉप परत हातात ठेवतील. ‘विंडोज सुरू होण्याआधीच इतके सेकंद जातात’ असे दाखवलेत तर त्यांना रॅम, एसएसडी आणि मदरबोर्ड तपासावे लागतील. जॉब शीटवर तक्रार याच शब्दांत लिहून घ्या.