तुरुंगाच्या स्वयंपाकघरात जात कशी शिरली

3 ऑक्टोबर 2024 रोजी ‘सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातवार कामवाटणी घटनाबाह्य ठरवली. कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकानाही काढून टाकायला सांगितले. बाहेर पाळली जाणारी जात आत आपोआप झिरपली, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ती नियमावलीत कलमवार लिहिली गेली होती, आणि का लिहिली गेली हे समजायला कंपनी सरकारच्या काळात जावे लागते.

तेव्हा बंगाल इलाख्यात कैद्याला शिजवलेले अन्न मिळत नसे. रोजचा रोख भत्ता हातात पडे. त्यातून शिधा घ्यायचा आणि आपली चूल आपण पेटवायची. गव्हर्नर जनरलच्या मंडळातला कायदा सदस्य मेकॉले याच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीने 1838 च्या अहवालात तुरुंगाची शिस्त कडक करायला सांगितली. त्यानंतर भत्ता गेला, शिधा आला आणि 1840 च्या दशकात सामाईक स्वयंपाक सुरू झाला. साहेबांचा हिशेब सरळ होता. प्रत्येकाने वेगळे रांधले तर मजुरीचे तास चुलीपाशी जातात, आणि पैसा खेळता राहिला की तंबाखू आत येते.

तेव्हा बंगाल इलाख्यातच असलेल्या बिहारमधल्या तुरुंगांत यावरून दंगे झाले. कैद्यांची भीती समजण्यासारखी होती. शिक्षा संपली की सुटका होई, पण परक्याच्या हातचे खाल्ले म्हणून जातीने वाळीत टाकले तर ती शिक्षा जन्मभराची. पुढे 1855 मध्ये आरा आणि मुझफ्फरपूर इथे पितळी लोटे काढून मातीची भांडी देण्यात आली. लोटा हे हत्यार होऊ शकते, हे 1834 मध्येच दिसले होते: अलीपूर तुरुंगात कैद्यांनी रिचर्डसन या मॅजिस्ट्रेटला लोट्यांनीच ठार केले होते. पण पितळ घासून शुद्ध होते, माती होत नाही. मुझफ्फरपुरात शहरातले आणि आसपासचे लोकही रस्त्यावर उतरले, आणि लोटे परत द्यावे लागले.

1857 नंतर सरकारने धडा घेतला तो असा: सामाईक चूल ठेवायची, पण आचाऱ्याची जात सांभाळायची. यात पैशाचीही बचत होती. तुरुंगात रांधणे, झाडणे, संडास साफ करणे, हजामत ही सगळी कामे कैदीच करतात. कोणी काय करायचे हे जातीने ठरवले की अधिकाऱ्याला वाद मिटवत बसावे लागत नाही. 1894 च्या कारागृह अधिनियमाने नियम करण्याचा अधिकार कलम 59 मध्ये दिला, आणि प्रांतांच्या नियमावल्यांत ही सोय बसली.

खरी चीड येते ती पुढच्या इतिहासाची. राज्यघटनेच्या कलम 17 ने अस्पृश्यता संपवल्यानंतरही हे नियम नव्याने छापले गेले. राजस्थानच्या 1951 च्या नियमांत आचारी ब्राह्मण किंवा पुरेशा उच्च जातीचा हिंदू असावा असे होते. ते 2021 मध्ये बदलले. पश्चिम बंगालच्या 1967 च्या संहितेत सफाईसाठी मेथर किंवा हाडी जातीचे कैदी निवडायचे होते. त्याच संहितेनुसार ‘भटक्या जमातींचा’ माणूस कैद्यांमधला मुकादम होऊ शकत नसे, कारण त्याच्यात म्हणे पळून जाण्याची उपजत वृत्ती असते. हे वाक्य थेट 1871 च्या, काही जमातींना जन्मतः गुन्हेगार मानणाऱ्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या विचारातून आलेले आहे. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रातल्या पारध्यांना त्याचा डाग अजून सोसावा लागतो.

मुकादमी साधी गोष्ट नाही. पहारेकरी नेहमीच अपुरे असतात, त्यामुळे बराक बंद झाल्यावर आतली रात्रपाळी विश्वासातले कैदी करतात: फेऱ्या मारणे, झोपलेली डोकी मोजणे, कोणी आजारी पडले तर हाक देणे. त्या कामाची माफी, म्हणजे शिक्षेतले कमी झालेले दिवस, जास्त मिळते. मुकादमी नाकारली गेली की सुटकाही लांबते. स्वयंपाकघराचेही तसेच. तिथली टोळी पहाटे इतरांच्या आधी बाहेर निघते, पोटभर खाते. संडास धुणाऱ्याला ना ही मोकळीक, ना हे पोटभर जेवण.

केंद्राच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीने जातवार स्वयंपाकाला मनाई केली होती. पण तुरुंग हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतला विषय, त्यामुळे ती केवळ शिफारस राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालाने राज्यांना नियम बदलायला तीन महिने दिले, आणि 30 डिसेंबर 2024 रोजी केंद्रीय गृहखात्याने आदर्श नियमावलीत दुरुस्ती केली.

रकाना गेला तरी आडनाव, गाव आणि गुन्ह्याचे कलम यांवरून जात पहिल्याच दिवशी ओळखली जाते. शिवाय ज्यांचा खटला अजून चालू आहे त्या कच्च्या कैद्यांवर मजुरीची सक्ती कायद्याने करता येत नाही, तरी झाडू आधी त्यांच्याच हाती दिला जातो. न्यायालयाने मोफत कायदेशीर मदत देणारे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तुरुंगाची पाहणी करणारे अभ्यागत मंडळ यांना संयुक्त तपासणी करायला सांगितले आहे. त्यांनी नियमांचे पुस्तक पाहून भागणार नाही. कामवाटपाची वही मागवावी, आचारी आणि सफाईवाले यांची लागोपाठ काही महिन्यांची नावे शेजारी शेजारी ठेवावीत, आणि पाळी खरोखर फिरते का ते पाहावे.