चाकं गार होऊ द्या, मग क्लीनर मारा

राम राम मंडळी. हा कागद आम्ही क्लीनरच्या बाटलीसोबत मुद्दाम देऊन राहिलो, कारण काउंटरवर तेच तेच सांगून आमचा घसा बसतो आणि तुमचाही वेळ जातो. रोज दोन प्रश्न ठरलेले. पहिला, "भाऊ, आखो कडक काही से का?", म्हणजे याहून कडक क्लीनर आहे का, आणि दुसरा वॉशिंगला गाडी लावणाऱ्यांचा, "पंधरा मिनिटं झाली ना भो, पोरं चाकांना हातच लावत नाही, नुसती बॉडी पाहून राहिले." दोन्हीचं उत्तर खरं तर एकच आहे, म्हणून एकदाच लिहून टाकलं. घरी गेल्यावर वाचा, निदान बाटली उघडायच्या आधी तरी वाचा.

ऑल पर्पज क्लीनर, म्हणजे आमच्या भाषेत एपीसी, हे सोड्याच्या जातीचं औषध आहे, म्हणजे अल्कली. तेल, ग्रीस, डांबराची चिकट धूळ, जुनं टायर पॉलिश हे सगळं ते सोडवतं आणि पाण्यासोबत वाहून जाऊ देतं. इंजिन, मॅट, दाराच्या फटी, टायर, रिम, सगळ्याला चालतं म्हणून नाव ऑल पर्पज. पण सगळ्याला चालतं म्हणजे सगळ्याला एकाच मापानं चालतं असं नाही, आणि सगळा घोळ इथंच होतो.

आता ती एक चूक, जिच्यापायी आमचे दर महिन्याला दोन-तीन दिवस वाया जातात. गरम चाकावर क्लीनर मारायचा आणि तो सुकू द्यायचा.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक, धुळ्याहून हायवेनं थेट घरी आले, दुपारचे दोन वाजलेले. गाडी उन्हात अंगणातच उभी केली, आमच्याकडनं नेलेला कॅन काढला, पाणी न घालताच स्प्रे बाटलीत भरला आणि चारही चाकांना एकदम फवारा मारून मोकळे. तेवढ्यात फोन आला, मग घरात जेवायला बोलावलं, मग वरण-बट्टी, आता वरण-बट्टीवर कोण लगेच उठतं? पाऊण तासानं बाहेर येऊन पाहतात तर प्रत्येक स्पोकवरून पांढरे ओघळ, मेणबत्ती वितळल्यासारखे, थेंब जिथं थांबला तिथं गोल डाग. धुतलं, निघेना. घासलं, निघेना. मग तसेच आमच्याकडं, "तुमचं औषध डुप्लिकेट आहे." आम्ही काही बोललो नाही, गाडी आत घेतली. दोन चाकांचे डाग हातानं पॉलिश करून करून काढले, त्यात अख्खी दुपार गेली. उरलेल्या दोघांवरचं लॅकरच करपलेलं होतं, म्हणजे वरचा पारदर्शक थर, त्याला पॉलिश काय करणार. त्या दोन्ही रिम शेवटी रिपेंटला गेल्या.

औषध डुप्लिकेट नव्हतं. झालं असं की ब्रेक मारून मारून डिस्क तापते, ती उष्णता रिममध्ये येते, वरून आपलं जळगाव-भुसावळचं ४४-४५ डिग्रीचं ऊन. त्यावर फवारा पडला की पाणी उडून जातं आणि औषध मागं राहतं. म्हणजे तुम्ही एकास दहा (एक भाग औषध, दहा भाग पाणी) मारलं तरी सुकता सुकता ते एकास एक होतं, आणि बिनपाण्याचंच मारलं असेल तर विचारूच नका.

तुमच्यातल्या निम्म्या लोकांची शेती आहे, तुम्हाला हे मी काय सांगू. कपाशीवर फवारणी भर दुपारी करता का? पंपाला किती मिली ते माप घेऊनच टाकता ना? डोस वाढवला तर पानं करपतात हे पोरालाही ठाऊक आहे. तोच माणूस गाडीपाशी आला की टोपण उघडून अंदाजे ओततो. (आणि हो, फवारणीचा पंप यासाठी वापरू नका, इकडचं औषध तिकडं कपाशीवर जाईल. स्प्रे बाटली वेगळी ठेवा, महाग नाही मिळत.)

म्हणून हायवेवरून आलेल्या गाडीची चाकं आम्ही लगेच धूत नाही. वीस मिनिटं ते अर्धा तास सावलीत उभी ठेवतो, तोवर आतलं व्हॅक्यूम करून घेतो. काहींना वाटतं आम्ही टाइमपास करतो. अहो, टाइमपासमध्ये आमचाच तोटा आहे, त्या जागेवर दुसरी गाडी लागली असती. शिवाय लाल तापलेल्या डिस्कवर एकदम प्रेशर गनचं गार पाणी मारणं डिस्कलाही बरं नाही, वाकडी झाली तर ब्रेक मारताना पेडल थरथरतं. शेजारचे वॉशिंगवाले गाडी आल्या आल्या धुऊन देतात म्हणता, देऊ द्या.

घरी करताना स्पोकवर तळहात टेकवून बघा (डिस्कला हात लावू नका, भाजेल). आरामात टेकवून ठेवता आला तर चाक तयार. मग एका वेळी एकच चाक. आधी नुसतं पाणी मारून वरची धूळ-चिखल घालवा, मग फवारा, एक-दीड मिनिट थांबा, ब्रशनं घासा, आणि सुकायच्या आत भरपूर पाण्यानं धुवा. चारही चाकांना एकदम फवारा मारून पहिल्यापाशी परत येईपर्यंत ते सुकलेलं असतं, आपल्याकडं तर नक्कीच. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरका.

आता "कडक काही से का" वाल्यांसाठी. औषधाचा कडकपणा पीएचवर मोजतात, साधं पाणी ७, त्याच्या वर गेलं की अल्कली, खाली गेलं की ॲसिड. चांगलं एपीसी पाणी न घालता साधारण १० ते १३ च्या मध्ये कुठंतरी असतं. गंमत अशी की या मापात एकेक आकडा म्हणजे दहा पट, म्हणजे ११ आणि १३ मध्ये फरक दोनाचा नाही, शंभर पटीचा. त्यामुळे डब्यावर नुसतं "हेवी ड्यूटी" लिहिलंय म्हणून उचलू नका, पीएच आणि पाण्याचं प्रमाण लिहिलंय का ते बघा. दोन्ही लिहिलेलं नसेल तर आमच्याकडचं असो की दुसऱ्याकडचं, घेऊ नका. आमच्या कॅनवर दोन्ही छापलंय, हे आपलं जाता जाता सांगितलं.

प्रमाण असं. टायरच्या रबराला एकास चार, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत १०० मिली क्लीनर आणि ४०० मिली पाणी. रिमला एकास दहा, म्हणजे त्याच बाटलीत साधारण ४५ मिली आणि बाकी पाणी. एक लिटरचा कॅन एकास चारनं केला तर पाच लिटर होतो, एकास दहानं अकरा. चार चाकांना मिळून पाव लिटर तयार पाणी पुरतं, आता तुम्हीच हिशोब करा एक कॅन किती दिवस जाईल. बिनपाण्याचं मारणारे महिन्यात परत येतात, आमचा धंदा होतो, पण त्यांच्या रिमकडं बघवत नाही. जमलं तर मिसळायला आरओचं नाहीतर फिल्टरचं पाणी घ्या, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की फेसच धरत नाही आणि सुकल्यावर पांढरे ठिपके पडतात ते वेगळेच. शेवटी रिम फडक्यानं पुसूनच घ्या, वाऱ्यावर सुकवू नका.

क्लीनर निवडायच्या आधी आपली रिम कसली आहे ते ओळखा. आम्ही काउंटरवर हेच आधी विचारतो तर लोक चिडतात, "औषध द्या ना, चौकशी कशाला?" साध्या लोखंडी रिमला लोहचुंबक चिकटतं, अलॉयला, म्हणजे ॲल्युमिनियमच्या रिमला, चिकटत नाही. लोखंडी रिम आणि वरची प्लास्टिकची व्हील कॅप, याला एकास दहा बिनधास्त. कंपनीच्या बहुतेक अलॉयवर पेंट आणि लॅकर असतं, त्यालाही तेच. डायमंड कट असेल, म्हणजे समोरची बाजू चकचकीत मशीन मारलेली आणि आतला भाग काळा, तर कडा नीट बघा. फुटपाथला घासून लॅकर उडालं असेल तर आत पाणी-औषध शिरतं आणि लॅकरखाली पांढऱ्या अळ्या फिरल्यासारखी रेघ दिसायला लागते. अशा चाकाला एपीसी नकोच, गाडीचा साधा शाम्पू बस.

आणि लॅकर नसलेलं उघडं, पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम असेल, जुन्या जीपवर वगैरे हौसेनं बसवतात तसं, तर त्याला कडक अल्कली अजिबात नको, काळपट-पांढरं पडतं आणि परत चकाकी आणायला बफिंग मशीनच लागतं. ओळखायचं कसं? चाकाच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात फडक्यावर थोडं मेटल पॉलिश घेऊन घासा. फडकं काळं झालं तर धातू उघडा आहे, नाही झालं तर वर लॅकर आहे. समजेना तर गाडी घेऊन या, बघायचे पैसे घेत नाही.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. संडासचं क्लीनर ॲसिड असतं, त्यानं रिम दोन मिनिटं चमकते आणि महिन्यात खाल्ली जाते, शिवाय ब्रेकच्या लोखंडाला गंज. डिझेल-रॉकेलनं टायर काळाभोर दिसतो खरा, पण रबर फुगतं आणि मऊ पडतं. धुण्याची पावडर नटबोल्टच्या खाचेत पांढरी बसून राहते, काडी घालून काढावी लागते, ते काम शेवटी आमच्या पोराच्या गळ्यात.

"नवाच टायर आहे, तरी तपकिरी पडला" ही तक्रार पण फार. तो मळ नाही सगळा. टायर बनवतानाच रबरात एक औषध घातलेलं असतं, हवेतल्या ओझोननं रबराला भेगा पडू नये म्हणून. ते हळूहळू बाहेर पृष्ठभागावर येतं आणि तिथं तपकिरी होतं. म्हणजे टायर आपलं काम करून राहिला. वरचा थर एकास चारनं आणि कडक ब्रशनं काढा, पहिल्यांदा फेस चहासारखा येईल, दुसऱ्यांदा दुधाच्या चहासारखा, तिसऱ्यांदा पांढरा आला की टायर साफ. पांढरा फेस येईस्तोवर पॉलिश मारू नका, नाहीतर पॉलिश मळावर बसतं आणि पहिल्याच फेरीत फेंडरवर काळे शिंतोडे. पॉलिश पाण्यावर चालणारं घ्या, फक्त बाजूला मारा, रस्त्याला टेकणाऱ्या भागाला नाही. मोटरसायकलच्या टायरला तर मारूच नका, वळणावर घसराल.

पावसाळ्यात आणखी एक. आपली काळी माती ओली असताना फुगते आणि सुकली की विटेसारखी होते. शेतातून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला ती एकाच ठिकाणी किलो-अर्धा किलो चिकटून बसते आणि मग ऐंशीच्या पुढं स्टेअरिंग हलतं. एक नाना असेच बॅलन्सिंगचे पैसे दोनदा देऊन आले होते, आम्ही आतून चिखल खरवडून काढला तर काम संपलं. ती माती कोरडी घासू नका, रिमवर ओरखडे पडतात. पाणी मारून दहा मिनिटं भिजू द्या, मग मऊ ब्रश. टायरचा ब्रश वेगळा, रिमचा वेगळा, आणि बॉडीचं फडकं या बादलीत कधीच नाही.

एवढं करूनही रिमवर बारीक केशरी-काळे ठिपके राहिले, हाताला खरखर लागले, तर ते ब्रेकचं लोखंड आहे. गरम असताना उडून लॅकरमध्ये रुतलेलं. ते एपीसीनं निघत नाही, कितीही कडक घ्या. त्याला आयर्न रिमूव्हर लागतं, मारल्यावर जांभळं होऊन वाहतं आणि वास सडलेल्या अंड्याचा येतो, घाबरू नका. ते दर वेळी लागत नाही, तीन-चार महिन्यांतून एकदा. त्याची छोटी बाटली आमच्याकडं आहे, पण पहिल्याच भेटीत घ्या असं नाही म्हणणार, आधी एपीसी नीट वापरून बघा.

हातमोजे घाला आणि डोळे सांभाळा, ब्रश झटकताना शिंतोडे डोळ्यात जातात. रिकामा कॅन परत आणला तर रिफिल स्वस्त पडतं, पण कॅन आमचाच, लेबलसकट. बिसलरीच्या बाटलीत भरून मागू नका, कितीही ओळख असली तरी देणार नाही, घरात लेकरं असतात. आणि वॉशिंगला हायवेवरून थेट येत असाल तर गाडी सावलीत लावा, बाकावर बसा, चाकं गार होईस्तोवरचा चहा आमच्याकडून.