तांब्याची तार बाटलीत कशी वाढते?

तांब्याची तार म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते तापवणं, ओढणं, बारीक करत जाणं. पण तार 100 नॅनोमीटर जाडीची हवी असेल, म्हणजे केसाच्या साधारण आठशेव्या हिश्श्याएवढी, तर सोपा रस्ता म्हणजे ती द्रावणात वाढवायची. आणि ती तिथे आपली आपण लांब होत जाते, साचा नाही काही नाही, हे मला अजूनही फार भारी वाटतं.

2005 मध्ये सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी याची एक सोपी पद्धत दिली. कॉपर नायट्रेट, भरपूर कॉस्टिक सोडा, थोडं इथिलीनडायअमीन आणि शेवटी हायड्रॅझिन, तापमान फक्त 60 ते 80 अंश. (हायड्रॅझिन विषारी असतं, रॉकेटच्या इंधनात वापरतात, त्यामुळे घरी अजिबात नाही.) आधी द्रावण गडद निळं असतं, मग हायड्रॅझिन तांब्याच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतं तसा निळा रंग उडून सगळं पाण्यासारखं होतं, आणि थोड्या वेळाने तांबूस लगदा दिसायला लागतो. तोच नॅनोवायरचा गुंता! एकेक तार 90 ते 120 नॅनोमीटर जाड आणि 40-50 मायक्रोमीटर लांब, म्हणजे जाडीच्या चारशेपट वगैरे.

आता खरा प्रश्न, गोळा का नाही होत, तारच का होते? ही तार आडवी कापली तर पंचकोनी दिसते, पाच स्फटिक एकमेकांना चिकटून वाढलेले असतात. तिच्या बाजूंवर अणूंची मांडणी वेगळी आणि टोकांवर वेगळी. त्यामुळे बरीच वर्षं सगळे असंच धरून चालले होते की इथिलीनडायअमीनचे रेणू बाजूंना चिकटून बसतात, तिथली वाट अडवतात, म्हणून नवे अणू टोकालाच लागतात. ऐकायला एकदम पटतं ना? मग अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत बेंजामिन वायली यांच्या ग्रुपने तांब्याचे मोठे स्फटिक घेतले, एकावर बाजूची मांडणी, दुसऱ्यावर टोकाची, आणि दोन्हीवर तांबं किती वेगात जमतं ते विजेच्या प्रवाहावरून मोजलं. 2017 मध्ये आलेलं उत्तर जवळजवळ उलटं निघालं, इथिलीनडायअमीन बाजू झाकत नाही तर टोकावर ऑक्साइड (तांब्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन बनणारा थर) चढू देत नाही, टोक स्वच्छ राहतं म्हणून तिथे वाढ होते. दुसऱ्या एका पद्धतीत हेक्साडेसिलअमीन वापरतात, 16 कार्बनची लांब शेपटी असलेला रेणू. त्याचे रेणू तांब्यावर आपोआप ओळीने उभे राहून दाट थर करतात, पण टोकावर हा थर क्लोराइड आयन विस्कटतात, आणि तिथूनच तार वाढते. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की पटणारं स्पष्टीकरण हाताशी असूनही कोणीतरी ते मोजून बघितलं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर टचस्क्रीनवर पारदर्शक आणि वीज वाहणारा थर लागतो. आज तो इंडियम टिन ऑक्साइडचा असतो, इंडियम दुर्मिळ आणि थर ठिसूळ, वाकवला की तडकतो. चांदीच्या नॅनोवायर चालतात पण महाग. तांबं चांदीपेक्षा वीज वाहण्यात जेमतेम 6 टक्के कमी, आणि मुबलक.

अडचण एकच, हवेत तांबं काळवंडतं, आणि तार एवढी बारीक असली की थोडासा ऑक्साइडही दोन तारांमधला संपर्क बिघडवतो. म्हणून त्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडने (व्हिनेगरमधलं आम्ल) धुतात, ते ऑक्साइड विरघळवतं, आपण तांब्याची भांडी चिंचेने घासतो त्यात हीच केमिस्ट्री आहे. पण धुतल्यावर परत ऑक्साइड चढतोच, त्यामुळे वायली यांच्या ग्रुपने तारांवर निकेलचा पातळ थर चढवून बघितला. तार टिकते, फक्त निकेल जितकं जास्त तितका प्रकाश कमी जातो, म्हणजे किती चढवायचं ते नीट बघूनच ठरवावं लागतं.