अरब शिबंदी, खानदेशातील

पेशवाईच्या उतरत्या काळात खानदेशातील किल्ले, गढ्या आणि ठाणी राखण्यासाठी ठेवलेले पगारी अरब पायदळ. शिबंदी ही मैदानी लढाईची फौज नव्हे. ठाण्यात बसून महालाचा (महसुली पोटविभागाचा) वसूल, घाटवाटा आणि दारूगोळा सांभाळण्यासाठी केलेली ही नेमणूक. खानदेशात पुणे, इंदूर आणि ग्वाल्हेर या तीन दरबारांची ठाणी एकमेकांत मिसळलेली होती. थाळनेर व सेंधवा होळकरांकडे, अशीरगड शिंद्यांकडे, तर मालेगावचा भुईकोट पेशव्यांचे सरदार राजेबहाद्दर यांचा. तिन्ही दरबार दूर होते, त्यामुळे हुकूम पोहोचला तरी पैसा पोहोचत नसे.

हद्रमौत व येमेनकडून समुद्रमार्गे आलेले हे शिपाई तोड्याची बंदूक आणि जंबिया (वाकडा खंजीर) बाळगत. तटाआडून लढण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच असल्याने स्थानिक शिपायापेक्षा त्यांचा पगार जास्त असे. करार होई तो जमादाराशी, म्हणजे तुकडीच्या नाईकाशी. माणसे तोच आणी, पगार तोच घेई आणि वाटप तोच करी. शिपायाचे इमान त्यामुळे दरबाराशी नसून जमादाराशी असे. किल्लेदार बदलला तरी जमादार कायम राही.

पगाराची व्यवस्था कुठे तुटली हे समजल्याशिवाय १८१८ चा इतिहास उलगडत नाही. दरबार रोख रक्कम न पाठवता एखाद्या महालाच्या वसुलावर वरात, म्हणजे रक्कम देण्याचा लेखी हुकूम, देई. जमादाराने ती कमाविसदाराला (महालाच्या वसुली अधिकाऱ्याला) दाखवायची आणि त्याने वसुलातून रक्कम चुकती करायची, अशी ही रीत होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत महाल मक्त्याने, म्हणजे वसुलीचा ठेका बोलीवर देऊन, जाऊ लागले. चढी बोली लावून महाल घेतलेला मक्तेदार पहिला भरणा सावकाराच्या कर्जातून करी, आणि वरात येईपर्यंत वसूल व्याजापोटी निघून गेलेला असे. त्यातच १८०२ मधील यशवंतराव होळकरांच्या स्वारीने आणि पाठोपाठच्या १८०३-०४ च्या दुष्काळाने तापीकाठची गावे ओस पडली होती. कसणाराच नाही तिथे वसूल कुठला? पगार महिनोन्महिने चढत जाई. मग शिबंदी धरणे धरी, किल्लेदाराला अडकवून ठेवी किंवा आसपासच्या गावांवर स्वतःच पट्टी बसवी. मुलूख राखण्यासाठी नेमलेले ठाणे अशा रीतीने मुलखाच्या मुळावर येई. याचा दोष एकट्या शिपायाला देणे योग्य नाही. त्याची बाकी खरी होती.

परराष्ट्र व्यवहाराची दोरीही याच काळात हातची गेली. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने पेशव्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचे किमान ६,००० पायदळ पदरी घेतले, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर दरबारांशी तह वा युद्ध न करण्याचे मान्य केले. जुन्या शिबंदीची बाकी शिल्लक असतानाच नव्या फौजेचा खर्च माथी आला, आणि तिच्यावर हुकूम मात्र दुसऱ्याचा चालू लागला.

इंग्रज व होळकर यांच्यातील महिदपूरच्या लढाईनंतर (२१ डिसेंबर १८१७) ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला. सेंधवा मुकाट्याने खाली झाला. २७ फेब्रुवारीला इंग्रज सेनापती सर थॉमस हिस्लॉप तापीवरील थाळनेरसमोर आला, तेव्हा होळकरांची आज्ञा असूनही किल्लेदार तुळशीराम मामा याने दरवाजे उघडले नाहीत. तोफा चालल्यावर बोलणे सुरू झाले. पण आतल्या दरवाजाशी भाषेच्या व अटींच्या गोंधळात झटापट झाली आणि दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. त्यानंतर सुमारे तीनशे माणसांची शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदाराला फाशी दिली गेली. आपल्याच धन्याने सोडलेला किल्ला धरून बसला म्हणून किल्लेदाराला बंडखोर ठरवणे तेव्हाही अनेकांना खटकले होते, आणि ते खटकण्यासारखेच आहे.

मालेगावची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. आसपासचा मुलूख पेशव्यांच्या अधिकाऱ्यांकडून सोडवण्यासाठी गोपाळराव राजेबहाद्दरांना माणसे जमवण्याची परवानगी कंपनीचा दख्खनमधील आयुक्त एलफिन्स्टन याने दिली. त्यांनी किल्ला घेतला आणि ते आपल्याच अरबांचे कैदी झाले. मे १८१८ च्या मध्यास कर्नल मॅकडॉवेलने वेढा घातला. आत सुमारे साडेतीनशे अरब होते. मोसम नदी, खोल खंदक आणि तटामागे तट अशी किल्ल्याची रचना होती. हलक्या तोफांनी बाहेरच्या तटाला भगदाड पडले, पण आतला तट शाबूत राहिला. महिनाअखेरचा हल्ला त्यामुळेच फसला. भगदाडाच्या माथ्यावर पोहोचलेला इंजिनियर अधिकारी तिथेच गोळी लागून पडला. पुढे अहमदनगरहून जड तोफा व उखळी तोफा आल्या. ११ जूनला किल्ल्यातील दारूकोठार उडाले, तटाचा भाग खंदकात कोसळला आणि दोन दिवसांनी शिबंदीने बोलणे लावले. तोवर इंग्रजांकडील दोनशेहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली होती. शरणागतीच्या चिठ्ठीच्या शब्दांतून दोन अर्थ निघत होते. एलफिन्स्टनने शिबंदीच्या बाजूचा अर्थ मान्य केला. अरबांना सुरतेला नेऊन तिथून जहाजाने मायदेशी पाठवण्यात आले. (मालेगाव तेव्हा खानदेशात मोडे, १८६९ मध्ये ते नव्या नाशिक जिल्ह्यात गेले.)

अमळनेरच्या शिबंदीनेही त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत तग धरला. कंपनीचा अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला ठाणे करून मुलकी कारभार बसवायला घेतला होता. उरला अशीरगड. ९ एप्रिल १८१९ रोजी किल्लेदार यशवंतराव लाड याने तो जनरल डव्हटनच्या स्वाधीन केला. किल्ला सोडण्याचा हुकूम दौलतराव शिंद्यांनी उघडपणे दिला होता. मात्र बाजीराव सांगतील तसे करावे, असे त्यांचेच पत्र नंतर गडावर सापडले.