उलटा उतरणारा सूर: टॅब्लेटवरचा सिंथेसायझर कसा पारखावा

टॅब्लेटवर सिंथेसायझरचं अ‍ॅप घ्यायचं, तयार आवाजांच्या यादीतले आठ-दहा वाजवून बघायचे आणि ‘छान आहे, पण डिजिटल वाटतं’ असा निकाल देऊन मोकळं व्हायचं, ही नेहमीची पद्धत. त्या निकालामागे एक पक्का समज बसलेला असतो. ट्रान्झिस्टरांचा खरा सिंथ ‘उबदार’ वाजतो आणि काचेवरचा कर्कश, कारण म्हणे आकड्यांतून आलेल्या आवाजाला पायऱ्या असतात. या पायऱ्या कानापर्यंत पोचतच नाहीत. आकड्यांचा विद्युतदाब करणारी चिप आणि तिच्या पुढचा फिल्टर मिळून सलग, गुळगुळीत लहरच बाहेर सोडतात. कर्कशपणा मात्र पुष्कळदा खरा असतो. तो येतो अ‍ॅपमधला ऑसिलेटर (मूळ लहर तयार करणारा भाग) आळशीपणाने लिहिला असेल तर, आणि हे एकच सूर वाजवून पकडता येतं.

चाचणीसाठी तयार आवाज निरुपयोगी. त्यांत रिव्हर्ब, कोरस, डिले (आवाजावर चढवलेले इफेक्ट) इतकं थापलेलं असतं की खाली काय चाललंय ते कळत नाही. बहुतेक अ‍ॅपमध्ये ‘इनिट’ नावाचा कोरा आवाज असतो, तो उघडा. नसेल तर कोणताही आवाज घेऊन सोलत जा: एकच ऑसिलेटर चालू, त्यावर करवतीसारखी सॉ लहर, फिल्टरचा कटऑफ (ज्याच्या वरचं कापलं जातं ती सीमा) पूर्ण उघडा, रेझोनन्स (त्या सीमेवरचा उठाव) शून्य, एलएफओ (आवाज डोलवणारी संथ लहर) बंद, युनिसन (एकाच सुराच्या अनेक प्रती एकत्र) बंद, सगळे इफेक्ट बंद. अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) शून्यावर, सस्टेन (पट्टी धरलेली असतानाची पातळी) पूर्ण. आवाजाची पातळी निम्म्यावर ठेवा, कारण पातळी डोक्याला टेकली की लहरीचे शेंडे छाटले जातात आणि त्यातून वेगळीच घाण तयार होते. इअरफोन तारेचे हवेत. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवला जातो, आणि मोठ्या सुरांच्या आडोशाला असलेले बारीक सूर नेमके त्या दाबण्यातच टाकून दिले जाऊ शकतात.

आता पियानोची सर्वांत उजवीकडची पट्टी, म्हणजे सी-८, वाजवा. तिची वारंवारता सुमारे ४,१८६ हर्ट्झ. पडद्यावरचा कीबोर्ड तिथपर्यंत जात नसेल तर ऑसिलेटरवर ८, ४, २ असे फुटांचे आकडे असतील (ऑर्गनच्या नळ्यांच्या लांबीवरून आलेले), त्यातला २ निवडला की आवाज ८ पेक्षा दोन सप्तकं वर जातो. सूर धरून ठेवा आणि पिच बेंड (सूर सलग वर-खाली नेणारं चाक) अगदी सावकाश वर सरकवा. लिहिणाऱ्याने काम नीट केलं असेल तर एक टोकदार सूर वर चढताना ऐकू येईल, बस. नसेल तर मुख्य सूर वर जात असताना त्याच्या खालून दुसरा एक बारीक सूर उलट खाली घसरत जाईल, तळाला पोचेल आणि पुन्हा वर येऊ लागेल. एकदा तो ऐकला की पुढे शोधावा लागत नाही.

हा घुसखोर येतो कुठून? सॉ लहर म्हणजे तिरकी चढत जाऊन एकदम कोसळणारी रेघ. फुरियेच्या गणिताने (कोणतीही लहर साध्या लहरींच्या बेरजेत मांडायची रीत) ती उलगडली की मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे हार्मोनिक निघतात, आणि त्यांची उंची १/२, १/३, १/४ अशी कमी होत जाते. कमी होते, पण संपत नाही. कागदावरच्या सॉ लहरीला अनंत हार्मोनिक असतात. टॅब्लेट मात्र, समजा, दर सेकंदाला ४४,१०० नमुनेच (सॅम्पल, म्हणजे लहरीच्या उंचीचे आकडे) घेतो, आणि इतक्या नमुन्यांत फक्त त्याच्या निम्म्यापर्यंतच्या, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंतच्या वारंवारता मावतात. (४४,१०० हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपवर डिजिटल आवाज साठवण्याच्या काळातला: सेकंदाला ६० अर्धचित्रं × प्रत्येकी २४५ रेघा × रेघेवर ३ नमुने.)

सी-८ चे पहिले पाच हार्मोनिक मावतात. पाचवा २०,९३० वर. सहावा २५,११६ वर हवा, पण तिथे जागा नाही. तो नाहीसा मात्र होत नाही. सीमेवर आपटून मागे दुमडतो आणि ४४,१०० वजा २५,११६, म्हणजे १८,९८४ वर जाऊन बसतो. सातवा १४,७९८ वर, आठवा १०,६१२ वर, नववा ६,४२६ वर. आणि दहावा? ४१,८६० चा झाला २,२४०. मूळ सुरापेक्षाही खाली! त्याची उंची मूळ सुराच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे फक्त २० डेसिबलने कमी, आणि २,२४० हर्ट्झच्या आसपास आपला कान चांगलाच तिखट असतो. चित्रपटात गाडीच्या चाकाचे आरे उलटे फिरताना दिसतात तोच हा प्रकार, कॅमेऱ्याऐवजी कानाशी. याला अलायसिंग म्हणतात.

सूर वर नेला की घुसखोर खाली का येतो, हेही याच वजाबाकीत दिसतं. मूळ सूर १ हर्ट्झने वाढला की दहावा हार्मोनिक १० हर्ट्झने वाढतो, आणि ४४,१०० मधून वजा होताना तेवढाच खाली येतो. दहापट वेगाने घसरत तो एक अर्धस्वर पुरा होण्याआधीच, मूळ सूर ४,४१० वर येताच, शून्याला पोचतो. त्या बिंदूवर एका लहरीत बरोबर १० नमुने बसतात, सगळे दुमडलेले हार्मोनिक खऱ्या हार्मोनिकांवरच जाऊन पडतात आणि क्षणभर आवाज एकदम स्वच्छ होतो. एरवी टॅब्लेट ४८,००० वर चालत असेल तर हे आकडे बदलतात, खेळ बदलत नाही.

आता थोडं खोलात जाऊ, कारण खरी गंमत इथे आहे. साध्या ऑसिलेटरमध्ये एक आकडा ० पासून १ पर्यंत चढत असतो. प्रत्येक नमुन्याला त्यात वारंवारता भागिले सॅम्पलिंग रेट (दर सेकंदाचे नमुने) एवढी भर पडते. १ ओलांडला की त्यातून १ वजा होतो. तीच सॉ लहरीची कोसळ. सी-८ ची एक लहर १०.५३५ नमुन्यांची आहे. पण अर्ध्या नमुन्यावर कोसळायची सोय नाही, त्यामुळे कोसळ कधी १० नमुन्यांनी होते, कधी ११ नमुन्यांनी. बहुतेक वेळ आलटून पालटून. म्हणजे दोन-दोन लहरींची एक जोडी बनते आणि ती जोडी मूळ सुराच्या निम्म्या वेगाने, २,०९३ हर्ट्झच्या आसपास, पुन्हा पुन्हा येते. आसपास म्हणायचं कारण १०.५३५ म्हणजे नेमके साडेदहा नव्हेत; मधूनच दोन ११ लागोपाठ येतात आणि ठेका चुकतो. आता दहावा आणि अकरावा दुमडलेला हार्मोनिक पाहा: २,२४० आणि १,९४६. त्यांच्या बरोबर मधोमध २,०९३. हार्मोनिकांचा हिशेब आणि कोसळीचा डळमळता ठेका ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं आहेत.

म्हणूनच उपायही कोसळीपाशीच करावा लागतो. मागाहून वरचं कापणारा फिल्टर लावून काही साधत नाही: घुसखोर मूळ सुराच्या खाली बसलाय, त्याला गाळायला गेलात तर मूळ सूर आधी जाईल. सॅम्पलिंग रेट वाढवणं हा जाहिरातीतला आवडता उपाय, पण तोही वाटतो तेवढा कामाचा नाही. ९६,००० वर दहावा हार्मोनिक बिनधास्त मावतो, पण बाविसावा दुमडून ३,९०८ वर येतो आणि तेविसावा चक्क २७८ वर. घुसखोराची उंची १/१० ची १/२२ झाली, म्हणजे निम्म्याहून थोडी कमी. टॅब्लेटचं काम मात्र दुपटीने वाढलं.

चांगला उपाय असा. आकडा १ ओलांडून गेला तेव्हा किती पुढे गेला हे आपल्याला माहीत असतं. त्याला दर नमुन्याच्या भरीने भागलं की खरी कोसळ दोन नमुन्यांच्या मधे नेमकी कुठे झाली ते कळतं. समजा हे अंतर ट. मग कोसळीनंतरच्या नमुन्यातून २ट − ट² − १ एवढं वजा करायचं, आणि आधीच्या नमुन्यासाठी याचंच आरशातलं रूप वापरायचं. ताळा करून पाहा: कोसळ अगदी नमुन्यावरच झाली तर ट शून्य, दुरुस्ती उणे १, आणि −१ वर जाऊ पाहणारा नमुना ० वर, म्हणजे बरोबर कड्याच्या मधोमध येतो. ट जवळपास १ असेल तर दुरुस्ती जवळपास शून्य. कडा जरा गोलसर होतो, आणि तो गोलसरपणा कोसळीची खरी जागा सांगतो. या युक्तीचं नाव पॉलीब्लेप. कोसळीआधी वारंवारतांना वेसण घालायची ही विचारधारा स्टॅनफर्डच्या स्टिल्सन आणि स्मिथ यांनी १९९६ मध्ये मांडली; पॉलीब्लेप हे तिचं नंतरचं, स्वस्त रूप. दर कोसळीला दोन-चार गुणाकार, एवढाच खर्च. घुसखोर पूर्ण जात नाही आणि अगदी वरचे हार्मोनिक थोडे मंद होतात, पण कानाला फरक जमीन-अस्मानाचा.

दुसरी वाट वेव्हटेबलची: मावतील तेवढेच हार्मोनिक घालून लहरी आधीच तयार करून ठेवायच्या. मात्र एका सप्तकाला एकच तक्ता ठेवला तर ४,१८६ ते ८,३७२ पर्यंतच्या तक्त्यात वरच्या टोकाचा विचार करून दोनच हार्मोनिक घालता येतात, आणि सी-८ ला पाचऐवजी दोनांवर भागवावं लागतं. एखाद्या अ‍ॅपचे वरचे सूर स्वच्छ पण बोथट वाटले, आणि एखाद्या पट्टीवर आवाजाचा रंग एकदम पालटला, तर तिथे तक्ता बदलला असं समजा.

इतकं सोपं असताना लोक आळस का करतात? बेरीज मोठी होते म्हणून. एका वेळी वाजणारे ८ सूर, प्रत्येकी २ ऑसिलेटर, त्यावर ७ पदरी युनिसन: ११२ ऑसिलेटर, सेकंदाला ४९ लाखांहून जास्त नमुने. शिवाय खालच्या सुरांवर चोरी पकडली जात नाही. ४४० हर्ट्झला ५० हार्मोनिक मावतात. पहिला दुमडणारा एक्कावन्नावा, उंची १/५१, आणि पडतो २१,६६० वर. कुणाला ऐकू येणार?

कडकड किंवा टिकटिक ऐकू आली तर तो दोष वेगळा. टॅब्लेट नमुने गठ्ठ्याने तयार करतो. २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे ५.८ मिलीसेकंद, तेवढ्यात गठ्ठा तयार झाला नाही की आवाजात खंड पडतो. बफर ५१२ करा. कडकड गेली तर दोष गणनेच्या वेगाचा. सुरेल घुसखोर मात्र बफर कितीही केला तरी जागचा हलत नाही. ५.८ मिलीसेकंदांत आवाज हवेत सुमारे दोन मीटर जातो, म्हणजे एवढा उशीर स्पीकरपासून दोन मीटर दूर बसल्यासारखा. हाताला तो सहज चालतो. ब्लूटूथचा पुष्कळदा १०० मिलीसेकंदांच्या वर जातो, त्यावर लयीत वाजवणं अशक्य.

सेटिंगमध्ये शिरलात की ट्यूनिंगचा आकडाही दिसेल, ४४० (मधल्या ‘ए’ सुराची वारंवारता, हर्ट्झमध्ये). तो ४३२ केला की आवाज ‘निसर्गाशी जुळतो’, पेशी बऱ्या होतात, असं सांगणारे महाभाग इंटरनेटवर ढिगाने आहेत. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला कंपनं, आणि सेकंद माणसाने ठरवलेला आहे. १९६७ पासून तो सीझियमच्या अणूवरून मोजतात. ४४० चा संकेत १९३९ च्या लंडनमधल्या परिषदेत झाला, सोयीसाठी. ४३२ वर सगळे सूर अर्धस्वराच्या सुमारे एक तृतीयांशाने उतरतात, एवढंच. उतरलेला आवाज कुणाला आवडला तर खुशाल ठेवावा, पण त्यासाठी वेगळं अ‍ॅप विकत घेऊ नये.

सॉ लहरीत पास झालेलं अ‍ॅप दोन ठिकाणी अजून नापास होऊ शकतं. एक म्हणजे ड्राइव्ह किंवा सॅच्युरेशन: लहर वाकवली की नवे हार्मोनिक जन्मतात आणि तेही दुमडतात, ऑसिलेटर कितीही शुद्ध असो. दुसरं एफएम, म्हणजे एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवायची (मॉड्युलेशनची) पद्धत. जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये शोधलेली आणि १९८३ च्या यामाहा डीएक्स७ या सिंथेसायझरमुळे घरोघरी पोचलेली ही पद्धत साध्या साइन लहरींवर चालते, कोसळ कुठेच नाही. तरी मॉड्युलेशनची खोली वाढवली की बाजूच्या वारंवारता दूरवर पसरतात आणि सीमा ओलांडतात. इथे पॉलीब्लेपचा उपयोग नाही, ओव्हरसॅम्पलिंगच लागतं: आत चौपट रेटवर गणित करायचं, फिल्टरने वरचं कापायचं आणि मग ४४,१०० वर उतरायचं. ज्या अ‍ॅपमध्ये ‘ओव्हरसॅम्पलिंग’ किंवा ‘क्वालिटी’ असं सेटिंग आहे तिथे वाजवताना ते २ पट ठेवावं, कारण ४ पटीला बफर अपुरा पडून कडकड सुरू होऊ शकते. रचना फाइलमध्ये उतरवताना मात्र ते ४ पट किंवा असेल तेवढं वाढवावं. अ‍ॅपला सवडीने गणित करून फाइल लिहिता येत असेल तर तिथे ५.८ मिलीसेकंदांची घाई नसते.