ड्युरिया मोटर वॅगन कंपनी

ड्युरिया मोटर वॅगन कंपनी ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची, पेट्रोलच्या गाड्या बनवून विकायला काढलेली त्या देशातली पहिली कंपनी मानली जाते. १८९५ मध्ये सुरू झाली आणि १८९८ पर्यंत संपलीसुद्धा.

चार्ल्स आणि फ्रँक ड्युरिया हे दोघे भाऊ मूळचे सायकलवाले. त्यांनी ७० डॉलरला एक जुनी बग्गी घेतली, तिला एका सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि सप्टेंबर १८९३ मध्ये ती स्प्रिंगफील्डच्या रस्त्यावर चालली. खरं तर तोवर चार्ल्स इलिनॉयमधल्या पिओरियाला राहायला गेला होता, त्यामुळे गाडी प्रत्यक्ष चालती करायचं काम फ्रँकनेच केलं, आणि पुढे श्रेय कोणाचं यावरून दोघांचं जे बिनसलं ते कायमचंच.

कंपनीचं नाव झालं ते २८ नोव्हेंबर १८९५ च्या शिकागोच्या शर्यतीमुळे. शिकागो ते इव्हान्स्टन आणि परत, साधारण ८७ किलोमीटर, रस्त्यावर बर्फ साचलेला, सुरुवातीला सहाच गाड्या, त्यातल्या दोन बॅटरीवरच्या आणि तीन जर्मन बेंझच्या. फ्रँकच्या गाडीचा स्टिअरिंगचा दांडा वाटेत मोडला, तो त्याने एका लोहाराच्या दुकानात नीट केला आणि पुढे निघाला. दहा तासांहून जास्त वेळ लागला, पण पहिला तोच आला. शेवटपर्यंत पोचल्या फक्त दोन गाड्या.

माझ्या मते मात्र यापेक्षा मोठं काम १८९६ मधलं आहे. त्या वर्षी कंपनीने एकाच डिझाइनच्या १३ गाड्या बनवल्या. तोपर्यंत अमेरिकेत जो तो आपल्यापुरती एखादी गाडी जुळवायचा, सारखीच गाडी पुन्हा पुन्हा बनवून गिऱ्हाईकाला विकायची ही सुरुवात इथली. त्यातली एक बार्नम अँड बेली सर्कशीत लोकांना दाखवायला फिरली, आणि नोव्हेंबरमध्ये लंडन ते ब्रायटनच्या फेरीतही ड्युरिया धावली.

एवढं असून कंपनी टिकली नाही. भावांचं जमेना, मग दोघांनी आपापला हिस्सा विकला. गाडीत खोट होती म्हणून बंद पडली असं नाही, हे सांगायलाच हवं, कारण फ्रँकने पुढे स्टीव्हन्स-ड्युरिया नावाने चांगल्या महागड्या गाड्या बनवल्या आणि चार्ल्सने पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगमध्ये स्वतःचा वेगळा कारखाना चालवला. चार्ल्स १९३८ मध्ये गेला, फ्रँक १९६७ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी. १८९३ ची ती पहिली गाडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे, आणि १३ पैकी एक डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात.