कोल्हापूरचा उन्हाळा आला कुठून?

एप्रिल संपत आला की महाद्वार रोडच्या कडेला पन्हाळा-शाहूवाडीकडच्या बायका करवंदांच्या बुट्ट्या घेऊन बसतात. पळसाच्या पानाचा द्रोण, त्यात एक मापटं करवंदं आणि वर मुठीनं घातलेली चार जास्तीची. पोरं पहिलं करवंद सरळ तोंडात टाकत नाहीत. आधी दातानं अर्धं तोडून बघतात. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. चिकानं ओठ चिकटलेले असतात, तरी शेवटच्या करवंदापर्यंत हिशेब चालू असतो.

करवंद इथलंच. सह्याद्रीच्या उतारावर कोणी न लावता वाढलेली जाळी. पण त्या बुट्टीच्या शेजारच्या गाड्यावर नजर टाकली तर पेरू, चिक्कू, पपई, अननस, काजूचे बोंडू असं सगळं अमेरिका खंडातून आलेलं दिसेल. यातलं बरंचसं पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याला उतरलं आणि पुढं घाट चढून वर आलं. झाडांचंही तसंच. आपल्या उन्हाळ्याची निम्मी शोभा बाहेरून आलेली आहे, आणि ती कशी आली हे बघायला लागलं की कोल्हापूरचा बराच इतिहास वाटेत भेटतो.

आधी इथल्या जुन्या फुलांचं बघू. शिमग्याच्या आगेमागे पानं झडलेल्या डोंगरात पळस, पांगरा आणि काटेसावर फुलतात. तिघांचा रंग लाल-केशरी, तिघंही माणसांपेक्षा पक्ष्यांसाठी फुललेली. मैना, बुलबुल, कोतवाल दिवसभर त्यांच्यावर भांडत असतात. त्याच सुमारास दाजीपूरच्या जंगलात अंजनीच्या फांद्यांना बुंध्यापासून जांभळ्या-निळ्या फुलांचे गुच्छ लागतात. हे जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान होतं. १९५८ मध्ये तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला त्यात हे रानही राधानगरी अभयारण्य या नावानं आलं. अंजनी बघायला मात्र फारसं कोणी जात नाही. आपण दाजीपूरला जातो ते गवा बघायला आणि तो दिसला नाही म्हणून कुरकुरत परत येतो.

मग बहावा. चैत्र सरता सरता तो सगळी पानं टाकून पिवळी झुंबरं लोंबवतो. बहावा फुलला की दीड-दोन महिन्यांत पाऊस, असा जुन्या लोकांचा ठोकताळा. त्याच्या हातभर लांब काळ्या शेंगांतला गर रेचक म्हणून आजीच्या बटव्यात असायचा. म्हणजे हे झाड आपण शोभेसाठी लावलेलं नव्हतं. ते रानात होतं, कामाचं होतं, आणि फुलायचं तेव्हा फुलायचं.

शोभेसाठी झाड लावायची कल्पना आली ती बंगले, बागा आणि सरळ आखलेल्या रस्त्यांबरोबर. कोल्हापुरात हा काळ नेमका दाखवता येतो. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७० च्या दशकात टाऊन हॉल उभा राहिला, १८८४ पर्यंत नवा राजवाडा पूर्ण झाला, १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली. इमारतीला बाग हवी, बागेला नवलाईची झाडं हवीत, रस्त्याला झटपट सावली हवी. टाऊन हॉलच्या बागेतले जुने वृक्ष आजही त्या हौसेची साक्ष देतात. दुपारी बाराला तिथल्या बाकावर बसून बघा, शहरापेक्षा हवा वेगळी लागते.

गुलमोहर या नव्या मंडळींतला सगळ्यांत यशस्वी. तो मूळचा मादागास्करचा. १८२० च्या दशकात वेन्सेस्लास बोयर या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो तिथं दिसला, मॉरिशसमार्गे जगभर गेला आणि १८४० च्या सुमारास मुंबईत शिवडीला आल्याचं सांगितलं जातं. म्हणजे आपल्याकडं त्याचं वय दोनशे वर्षांचंही नाही. तरी आज मे महिना म्हटलं की डोळ्यांसमोर तोच येतो. शेजारच्या साताऱ्यात तर १ मे हा गुलमोहर दिवस म्हणून साजरा करतात. लवकर वाढतो, कुठंही रुजतो, भर उन्हात पेटल्यासारखा दिसतो. एवढं भांडवल त्याला पुरलं. मला स्वतःला तो थोडा उथळ वाटतो, आणि हे मुळांच्या बाबतीतही खरं आहे. वळवाच्या पहिल्या वाऱ्यात रस्त्यावर आडवी झालेली झाडं मोजली तर त्यात गुलमोहर हमखास असतो. शाळेची सुट्टी लागल्यावर त्याच्या कळीतले तुरे एकमेकांत अडकवून कोणाचं डोकं आधी उडतं ते बघण्यात आमच्या दुपारी गेल्या, त्यामुळं फार बोलायचा अधिकार नाही.

पर्जन्यवृक्षही दक्षिण अमेरिकेकडचा, नीलमोहर तिथलाच. सोनमोहर आग्नेय आशियाकडचा. खरा धक्का देवचाफ्याचा. देवळाच्या आवारात, समाधीजवळ, पायऱ्यांच्या कडेला जो पांढरा चाफा आपण युगानुयुगांचा समजतो, तो मध्य अमेरिकेकडून आलेला. सुवासाचा आणि नावाचा मान मुळात सोनचाफ्याचा. हा मागून आला आणि देवाचं नाव लावून बसला.

आंब्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची, कारण आंबा आपलाच आणि हापूस मात्र अर्धा पाहुणा. झाड इथलं, पण उत्तम झाडाची फांदी दुसऱ्या रोपावर बांधून तीच चव हजार झाडांवर उतरवायची कलमाची रीत गोव्यात पोर्तुगीज पाद्र्यांनी रुजवली. हापूस हे नावच अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलेलं. कलम नव्हतं तेव्हा सगळा आंबा रायवळ होता, कोयीपासून उगवलेला, म्हणजे प्रत्येक झाड वेगळं. म्हणूनच प्रत्येक झाडाला नाव होतं. शेपूचा वास येतो तो शेपू, खोबऱ्यासारखा लागतो तो खोबऱ्या, गोड तो साखऱ्या, लिंबाएवढी ती बिटकी. बांधावरचा आंबा कोणाच्या वाटणीचा यावरून भावाभावांत अबोला धरलेली घरं प्रत्येक गावात सापडतील.

आमच्या आजोळी आढी माळ्यावर असायची. भाताची पिंजर अंथरायची, पाडाला आलेले आंबे देठ वर करून एका थरात मांडायचे, वर पुन्हा पिंजर. चौथ्या-पाचव्या दिवशी जिन्यापर्यंत वास यायचा. आजी अंधारात हात घालून फक्त बोटांनी दाबून पिकलेला आंबा काढायची, दिवा लावायची नाही. ‘उजेडात डोळं फसत्यात, बोटं न्हाईत,’ म्हणायची. काढलेले आंबे पाण्याच्या घंगाळात तासभर बुडवून मगच हातात मिळायचे. रायवळ कापून खायचा नसतो. चोळून मऊ करायचा, देठाजवळचा चीक पिळून टाकायचा आणि कोपरापर्यंत ओघळ येईतो चोखायचा.

हापूस कोल्हापुरात येतो तो घाट चढून. देवगडकडचा गगनबावड्याच्या करूळ घाटातून किंवा फोंडा घाटातून, रत्नागिरीचा अंबा घाटातून. शाहू मार्केट यार्डात हंगामातल्या पहिल्या पेटीचा मुहूर्ताचा सौदा होतो, त्याचा आकडा पेपरात येतो, आणि तो वाचून आपण मे महिन्याची वाट बघतो. २०१८ पासून कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे. तरीही दक्षिणेकडून आलेला आंबा देवगडच्या पेटीत बसून विकला जातोच. ज्याला नाक आहे त्यानं पेटी उघडून वास घ्यावा.

आपल्या जिल्ह्यात कलमांच्या आणि काजूच्या बागा पसरल्या त्या मुख्यतः १९९० नंतर, रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेमुळं. चंदगड-आजऱ्याचे मुरमाड डोंगर तेव्हापासून हिरवे दिसायला लागले. मार्च-एप्रिलमध्ये तिकडून एसटीनं जाताना खिडकीतून बोंडूंचा आंबूस वास आत येतो, तो विसरता येत नाही.

पण भर उन्हाळ्यात कोल्हापूर हिरवं का दिसतं, याचं कारण झाडांत शोधू नये. ते पाण्यात आहे. दुष्काळी माण-खटावकडचा पाहुणा मे महिन्यात इथं आला की पंचगंगेच्या काठचा उभा ऊस बघून गप्प होतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०७ मध्ये भोगावतीवर धरण बांधायचं ठरवलं, त्यासाठी राधानगरी वसवली. पैशाअभावी ते काम अर्ध्यात थांबलं आणि धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. त्याच्या जोडीला नद्यांवर बंधारे आले. देशभर ज्याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात तो हाच. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत दोन ओळींनी बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, आणि मधे माती. पावसाळा संपला की बरगे घालायचे, पाणी तुंबवायचं. पाऊस यायच्या आधी काढून नदीला वाट मोकळी करायची. गावोगावची उन्हाळी पोहणी या तुंबलेल्या पाण्यावर चालतात. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर सुट्टीतल्या सकाळी कमरेला डबा बांधलेली पोरं आणि त्यांना पाण्यात ढकलणारे काका, दोन्ही मुबलक. जपून मात्र राहावं. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पाणी ओढ घेतं आणि दरवर्षी कोणीतरी ते विसरतं.

हवेसाठी लोक वर जात. १७८२ मध्ये राजधानी पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात आली, पण उन्हाळ्यात गडाची ओढ राहिलीच. शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या अंगाला चहा-कॉफीची लागवडही करून पाहिली. आता संध्याकाळी निम्मं शहर तिथं मक्याचं कणीस खायला जातं.

आणि देवाधर्माचा उन्हाळा वेगळाच. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या, म्हणजे मानाच्या उंच निशाणकाठ्या, नाचतात, गुलालानं माती गुलाबी होते, पण त्या सगळ्यात नाकात राहतो तो दवणा. जोतिबाला दवणा वाहायचा, उरलेला घरी आणून देवघरात ठेवायचा. वाळला तरी वास जात नाही. मग घरोघरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हं. अक्षय्य तृतीयेला अंबाबाईची झोपाळ्यातली पूजा बांधतात. उकाड्यात देवीलाही वारा लागला पाहिजे ना.

या उन्हाळ्यातून काय गेलं तेही सांगायला हवं. रस्त्याकडेचे वड गेले. पुणे-बेंगळुरू महामार्ग रुंद झाला तेव्हा ते मैलच्या मैल तुटले, आणि रत्नागिरीकडच्या रस्त्याच्या कामातही कुऱ्हाड चाललीच. बांधावरचे रायवळ वाटण्यांत आणि उसावर पडणाऱ्या सावलीच्या हिशेबात गेले. झाडतोडीवर नियंत्रण आणणारा कायदा १९६४ पासून आहे, त्याच्या यादीत आंबा आहे, फणस आहे, जांभूळही आहे. शहरांसाठीचा कायदा वेगळा, १९७५ चा, आणि त्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं शहरातल्या पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळतो. उलट दिशेची गोष्टही आहे. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आलं तेव्हा तो सगळा उघडा माळ होता. आज साडेआठशे एकरांच्या त्या आवारात पहाटे फिरायला जाणारे लोक मोरांचं ओरडणं ऐकून घड्याळ लावतात.

मेच्या मध्यावर एखाद्या दुपारी पूर्वेकडं ढग चढतात, वारा एकदम पडतो, मग धुळीची भिंत येते आणि पाठोपाठ टपोरे थेंब. वळीव. पश्चिमेचा दमट वारा आणि पठाराची तापलेली कोरडी हवा भिडली की तो होतो. अर्ध्या तासात गटारं वाहतात, वीज जाते, अंगणात कैऱ्यांचा सडा पडतो आणि शेजारणी पातेली घेऊन बाहेर येतात. त्या कैऱ्यांचं लोणचं टिकत नाही, म्हणून त्याच रात्री मेथांबा होतो. पुढं पंधरा दिवसांत बंधाऱ्यावर माणसं बरगे काढायला येतात. एकेक फळी वर निघते, तुंबलेलं पाणी सुटतं, आणि काठावर कपडे काढून बसलेली पोरं बघत राहतात.